चर्चच्या दारावर छप्पर घालायचंय? न्यू जर्सीत सेटबॅकचा व्हेरिअन्स कसा मागायचा

रविवारची उपासना संपते, दार उघडतं आणि पहिली पायरी बर्फाने गुळगुळीत झालेली असते. पाळक दारात उभे राहून एकेकाचा निरोप घेतायत, मागे रांग खोळंबलीय आणि पुढे ऐंशीच्या आजी कठडा धरून पाय चाचपत उतरतायत. आमच्या चर्चमध्ये दर हिवाळ्यात हे दृश्य असायचं. एका जानेवारीत एक आजी घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. पुढच्याच सभेत ठराव झाला की दारावर छप्पर घालायचं: आठ फूट खोल, चार खांब, दोन्ही बाजू मोकळ्या. दोन महिन्यांचं काम, असं सगळ्यांना वाटलं. पहिला खांब उभा राहायला चौदा महिने लागले.

इमारत समितीची चिटणीस मी होते. मी मूळची अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. तिकडे चर्चच्या दुरुस्तीत वर्गणी आणि गवंडी हेच दोन प्रश्न असायचे. इथे तिसरा प्रश्न निघाला, झोनिंगचा, म्हणजे गावाच्या कुठल्या भागात (झोनमध्ये) काय आणि कसं बांधता येतं या नियमांचा, आणि तो आम्हाला शिकत शिकत सोडवावा लागला. न्यू जर्सीत बरीच मराठी माणसं आता चर्चच्या, मंदिरांच्या इमारत समित्यांवर काम करतात. त्यांचे चौदा महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही. शिवाय हे नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात. इथे लिहिलंय ते न्यू जर्सीचं, म्हणजे १९७५ च्या ‘म्युनिसिपल लँड यूज लॉ’ या कायद्याखालचं.

आधी दोन शब्द

पुण्यात घर बांधताना आपण ज्याला सामासिक अंतर किंवा नुसतं ‘मार्जिन’ म्हणतो, तोच इथला सेटबॅक: प्लॉटच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत मोकळी सोडायची जागा. पुढचा, मागचा आणि दोन्ही बाजूंचा सेटबॅक झोननुसार ठरलेला असतो. तुमच्या एका जागेपुरती त्या नियमातून मिळणारी सवलत म्हणजे व्हेरिअन्स. ती द्यायची की नाही, हे नगराचं बोर्ड (झोनिंग बोर्ड किंवा प्लॅनिंग बोर्ड), म्हणजे स्वयंसेवक सभासदांची समिती, सुनावणी घेऊन ठरवते.

चर्चच्या बाबतीत हा प्रश्न इतका का येतो, त्याचं कारण इमारतींच्या वयात आहे. अमेरिकेत शहरभर लागू होणारं झोनिंग पहिल्यांदा न्यूयॉर्कने १९१६ साली आणलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात १९२६ साली झोनिंगला मान्यता दिली. जुनी चर्चेस त्याच्याही आधीची. लोक चालत यायचे, म्हणून दार रस्त्याजवळ. नियम नंतर आला आणि इमारत आपोआप नियमाच्या कचाट्यात सापडली. आमच्या झोनमध्ये पुढे ३५ फूट मोकळे हवेत; आमची भिंत मुळातच २४ फुटांवर. छपराने तेच अंतर १६ फुटांवर येणार होतं.

पायरी १: टेप बाजूला ठेवा, सर्व्हे काढा

आमच्यातल्या एका उत्साही काकांनी फुटपाथच्या कडेपासून टेप लावला आणि ‘भरपूर जागा आहे’ म्हणून जाहीर केलं. सेटबॅक फुटपाथपासून मोजत नाहीत आणि रस्त्याच्या कडेच्या दगडापासूनही नाही. तो मोजतात रस्त्याच्या हद्दीच्या रेषेपासून, आणि ती रेषा बऱ्याचदा फुटपाथच्याही आत, तुम्ही दर आठवड्याला कापता त्या हिरवळीत असते. डोळ्यांना दिसत नाही. फक्त परवानाधारक सर्व्हेअरच्या नकाशावर दिसते. जुना सर्व्हे कपाटात असेल तरी नगराला तो चालतो का, हे आधी विचारा.

कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर बहुतेक नगरांत दोन्ही रस्त्यांकडची बाजू ‘पुढची’ धरतात. म्हणजे दोन पुढचे सेटबॅक, आणि वर वळणावर गाडीवाल्यांना समोरचं दिसावं म्हणून मोकळी ठेवायची त्रिकोणी जागा. खांब त्या त्रिकोणात येत असेल तर अर्ज करण्याआधी खांबाची जागा बदला.

पायरी २: झोनिंग ऑफिसरला नेमके प्रश्न विचारा

आर्किटेक्टला पूर्ण चित्रं काढायला सांगण्याआधी साधं स्केच घेऊन नगराच्या झोनिंग ऑफिसरकडे जा. तिथे मला सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं.

पहिला प्रश्न व्याख्येचा. छप्पर नसलेल्या पायऱ्या सेटबॅकमध्ये आलेल्या अनेक नगरांना चालतात, पण त्यांच्यावर छप्पर आलं की ते ‘इमारत’ ठरतं. अंतर खांबापर्यंत मोजायचं की छपराच्या कडेपर्यंत, तेही व्याख्येवरच अवलंबून. या एका ओळीने दीड-दोन फुटांचा फरक पडतो.

दुसरा प्रश्न झाकल्या जाणाऱ्या जमिनीचा. प्लॉटचा किती टक्के भाग इमारतीखाली आणि किती पाणी न मुरणारा असावा, यालाही मर्यादा असते. चर्चचं पार्किंग डांबरी असल्याने ती बहुधा आधीच ओलांडलेली असते. मग दोन व्हेरिअन्स लागतात. एक मागितला आणि दुसरा राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच बहुतेकजण विसरतात: या झोनमध्ये चर्चला स्थान काय? चर्च सरळ मान्य वापर असेल, तर सेटबॅकची सवलत ‘सी’ प्रकारची असते. ती मिळायला बोर्डाच्या हजर आणि मत देणाऱ्या सभासदांचं साधं बहुमत पुरतं. पण निवासी झोनमध्ये चर्च अनेकदा ‘अटींवर मान्य’ असतं, म्हणजे अमुक एकर जागा, अमुक पार्किंग, अमुक सेटबॅक असेल तरच. तुमचा ३५ फुटांचा सेटबॅक अशा अटींच्या यादीत लिहिलेला असेल, तर तो मोडणं म्हणजे वापराचीच अट मोडणं. मग हवा ‘डी’ प्रकारचा व्हेरिअन्स आणि त्याला सातपैकी पाच होकार. शिवाय जिथे दोन्ही बोर्डं वेगळी आहेत तिथे ते प्रकरण झोनिंग बोर्डाकडेच जातं, प्लॅनिंग बोर्डाला ते ऐकता येत नाही. नियमात बसत नसलेला पण आधीपासून चालत आलेला वापर म्हणून चर्च तिथे असेल, तर वाढीव बांधकामाला पुन्हा ‘डी’च.

एकच छप्पर, पण कुठल्या कलमात बसतं त्यावर मतांची गणितं बदलतात. उत्तर लेखी घ्या. रीतसर पद्धत अशी की झोनिंग परवान्याचा अर्ज करायचा आणि नकाराचं पत्र घ्यायचं. त्या नकारात कुठकुठली कलमं मोडतात ते लिहिलेलं असतं आणि पुढचा सगळा अर्ज त्यावर उभा राहतो.

साइट प्लॅनची, म्हणजे सगळ्या आवाराच्या आराखड्याची, मंजुरी लागेल का, रस्ता काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) आहे का, जागा ऐतिहासिक भागात येते का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

पायरी ३: माणसं जमवा

बहुतेक चर्च कायद्याने नोंदणीकृत संस्था असतात आणि न्यू जर्सीत संस्थेला बोर्डापुढे वकिलामार्फतच उभं राहावं लागतं. स्वतःच्या घरासाठी घरमालक स्वतः बोलू शकतो. चर्चसाठी पाळक किंवा समितीचा अध्यक्ष तसं करू शकत नाही. आमच्या मंडळीतले एक निवृत्त वकील मदतीला होते, पण झोनिंगचं काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच सांगितलं, या कामातला माणूस शोधा. तो सल्ला लाखमोलाचा ठरला.

आर्किटेक्ट तर लागतोच. परवानाधारक प्लॅनर (नियोजनतज्ज्ञ) घ्यायचा का, यावर आमच्याकडे बराच वाद झाला, कारण खर्च वाढतो. ‘डी’ व्हेरिअन्स असेल तर माझ्या मते घ्यावाच. ‘सी’ असेल आणि अंतर थोडंच कमी पडत असेल, तर वकिलाला विचारून ठरवा. अर्जाच्या फीशिवाय नगर एस्क्रो म्हणून वेगळी रक्कम घेतं, ज्यातून बोर्डाच्या इंजिनियरचं आणि वकिलाचं बिल भागवतात. ती संपली की आणखी भरावी लागते. वर्गणीच्या अंदाजपत्रकात हे धरा, नाहीतर मध्येच खजिनदाराला तोंड द्यावं लागतं.

पायरी ४: युक्तिवाद जमिनीचा हवा

आम्ही पहिला मसुदा लिहिला तो आजींवर. त्यांचं मनगट, त्यांचं वय, मंडळीची कळकळ. वकिलांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘हे सगळं खरं आहे, पण बोर्ड व्हेरिअन्स आजींना देत नाही, जमिनीला देतं.’ आजी उद्या दुसऱ्या गावी जातील. छप्पर आणि सवलत त्या जागेबरोबर कायम राहील. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या लँग खटल्यात हेच स्पष्ट केलंय, की मालकाची वैयक्तिक अडचण इथे गैरलागू आहे. अडचण त्या जागेच्या किंवा तिथल्या इमारतीच्या वेगळेपणातून यायला हवी.

‘सी’ प्रकाराला दोन वाटा आहेत. पहिली अडचणीची: प्लॉट अरुंद किंवा उथळ आहे, जमिनीला उतार आहे, किंवा तिथे कायदेशीरपणे उभ्या असलेल्या इमारतीमुळेच असाधारण परिस्थिती आहे. जुन्या चर्चला शेवटचा मुद्दा अगदी चपखल बसतो. इमारत झोनिंगच्या आधीची आहे, दार तिथेच आहे, आणि दार हलवल्याशिवाय त्यावरचं छप्पर दुसरीकडे नेता येत नाही. दुसरी वाट फायद्या-तोट्याची: या सवलतीने कायद्याचे हेतू साधतात आणि होणारा लाभ तोट्यापेक्षा भरीव आहे. १९८८ च्या कॉफमन खटल्यानंतर इथे एक गोष्ट पक्की झालीय, लाभ फक्त मालकाचा असून चालत नाही, समाजाचाही हवा.

आणि इथे आजी परत आल्या, वेगळ्या रूपात. सार्वजनिक सुरक्षितता हा कायद्याच्या हेतूंपैकी एक. आमच्या हॉलमध्ये मतदान केंद्र असतं, दारू सोडणाऱ्यांची बैठक होते, शनिवारी मराठी शाळा भरते. त्या पायऱ्यांवरून मंडळीबाहेरचे शेकडो लोक चढतात-उतरतात. आम्ही वर्षभराच्या वापराचं कॅलेंडर छापून पुरावा म्हणून दिलं. अर्जातला तो सर्वांत साधा कागद, आणि बोर्डाचे सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच्यावरच आले.

दोन्ही वाटांवर एक गोष्ट दाखवावीच लागते: सार्वजनिक हिताला मोठी बाधा नाही आणि नगराच्या झोनिंगच्या हेतूला मोठा धक्का नाही. रस्त्यावरच्या बाकीच्या इमारती हद्दीपासून किती फुटांवर आहेत ते मांडलंत तर याला मोठा आधार मिळतो. आमच्या बाजूच्या दोन घरांचे पोर्च १४ आणि १७ फुटांवर होते.

पर्यायांची तयारी ठेवा. ‘दार आत का घेत नाही?’ हा प्रश्न येतोच. आमच्या आर्किटेक्टने तो पर्याय काढूनच ठेवला होता: दार आत घेतलं तर आतला जिना आणि शेवटच्या दोन ओळींची बाकं जातात. ‘पाच फुटांचं छप्पर का नाही?’ याचंही उत्तर हवं. दार बाहेर उघडतं, उघडताना त्याला लागणाऱ्या जागेपलीकडे चाकाची खुर्ची आणि ती ढकलणारा माणूस उभा राहील एवढी कोरडी जागा लागते. चित्रात दार उघडं दाखवा आणि खुर्ची मापात काढा. अंत्यविधीच्या दिवशी सहाजण शवपेटी खांद्यावर घेऊन त्याच दारातून निघतात, तेही आम्ही काढून दाखवलं. आठ फूट कुठून आले, हे मग कोणी विचारलं नाही.

कायद्यांची नावं सांगताना जपा. ‘अपंगांसाठीच्या फेडरल कायद्यानेच हे करायला लावलंय’ असं म्हणू नका; त्या कायद्याच्या सार्वजनिक जागांच्या भागातून धार्मिक संस्था वगळलेल्या आहेत, आणि बोर्डाच्या वकिलाला ते ठाऊक असतं. बांधकामाला राज्याची अडथळामुक्त प्रवेशाची संहिता लागू होते, ते म्हणा. तसंच धार्मिक संस्थांच्या जमीनवापराला संरक्षण देणारा २००० सालचा फेडरल कायदा. ज्या मंडळीला उपासनेची जागाच नाकारली जाते, तिच्यासाठी तो फार मोलाचा आहे. छपराच्या अर्जात पहिल्याच पानावर तो घातलात, तर समोरच्या स्वयंसेवक सभासदांना ते खटल्याची धमकी वाटते. तो वकिलाच्या बॅगेत असू द्या.

पायरी ५: अर्जाआधी शेजाऱ्यांकडे जा

आम्ही रविवारी दुपारी स्केच आणि केळ्याचा केक घेऊन सहा घरी गेलो. पाच जणांनी ‘छान’ म्हटलं. सहाव्या शेजाऱ्यांनी काही न बोलता आम्हाला त्यांच्या तळघरात नेलं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ होती. ‘तुमच्या छताचं पाणी,’ ते म्हणाले. आम्हाला याची काहीच कल्पना नव्हती. त्या रेघेमुळे आम्ही नवीन छपराच्या पन्हळीबरोबर जुन्याही दोन पन्हळी जमिनीखालच्या शोषखड्ड्यात सोडायचं ठरवलं आणि चित्रांत ते लिहिलं. सुनावणीला ते आले. एकच प्रश्न विचारला, पाणी कुठे जाणार? आर्किटेक्टने चौथ्या पानावरची ओळ वाचून दाखवली आणि ते खाली बसले.

शेजाऱ्यांकडून सह्यांचं निवेदन मात्र घेऊ नका. कागदाची उलटतपासणी करता येत नाही, म्हणून बोर्ड सहसा ते पुरावा म्हणून स्वीकारत नाही. ज्याला बोलायचंय त्याने स्वतः यावं.

आणि बोर्डाच्या सभासदाकडे जाऊ नका. ओळखीचा असला तरी नाही, दुकानात भेटला तरी विषय काढू नका. आपल्याकडे आधी भेटून शब्द टाकणं हे सौजन्य समजतात. इथे त्यामुळे त्याला त्या प्रकरणातून बाजूला व्हावं लागू शकतं आणि तुमचं एक मत जातं. बोर्डाचा कोणी सभासद तुमच्याच चर्चचा असेल तर ते वकिलाला पहिल्या दिवशी सांगा.

पायरी ६: अर्ज

नगराची चेकलिस्ट घ्या आणि ओळीने भरा. करमुक्त असलात तरी कर थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. अर्ज पूर्ण आहे की नाही, हे नगराने ४५ दिवसांत सांगायचं असतं, आणि पूर्ण ठरल्यापासून १२० दिवसांत बोर्डाने निकाल द्यायचा असतो. या मुदती तुमच्या संमतीने वाढतात.

पायरी ७: नोटीस, आणि आमचा वाया गेलेला महिना

तुमच्या हद्दीपासून २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस मिळायला हवी, हातोहात किंवा सर्टिफाइड टपालाने. शिवाय तीच नोटीस तितक्याच दिवस आधी नगराने ठरवलेल्या ठिकाणी प्रसिद्ध व्हायला हवी. यात चूक झाली, तर बोर्डाला प्रकरण ऐकण्याचा अधिकारच राहत नाही.

मालकांची यादी स्वतः बनवू नका. नगराकडून प्रमाणित यादी मागा. ती मागितल्यापासून सात दिवसांत मिळायला हवी, आणि फी फार तर प्रत्येक नावाला २५ सेंट किंवा १० डॉलर, यातलं जे जास्त असेल तेवढी. त्यावर गॅस, वीज, केबल कंपन्यांची नावंही असतात, त्यांनाही पाठवा. रस्ता काउंटीचा असेल तर काउंटीच्या प्लॅनिंग बोर्डाला, हद्द शेजारच्या नगरापासून २०० फुटांत असेल तर त्या नगराच्या क्लार्कलाही.

नोटिशीत तारीख, वेळ, ठिकाण, प्लॉटचा ब्लॉक आणि लॉट नंबर आणि कागद कुठे पाहायला मिळतील ते हवं. काय बांधायचंय ते साध्या भाषेत हवं. ‘पुढच्या सेटबॅकसाठी सवलत’ एवढंच पुरत नाही. ‘पुढच्या दारावर मोकळ्या बाजूंचं छप्पर, ३५ ऐवजी १६ फुटांवर’ असं लिहा. शेवटी ‘आणि बोर्डाला आवश्यक वाटतील त्या इतर सवलती’ ही ओळ वकील घालतीलच.

आमच्या पाकिटांवर आम्ही चौघी सभागृहात बसून पत्ते चिकटवले, एकेचाळीस पाकिटं. पोस्टात प्रत्येक पावतीवर गोल शिक्का मारून घेतला. टपाल चोख होतं. वर्तमानपत्रातली जाहिरात मात्र मी उशिरा दिली आणि ती नऊ दिवस आधी छापून आली. दहा हवे होते. सुनावणीच्या संध्याकाळी बोर्डाच्या वकिलांनी जाहिरात छापल्याचं प्रतिज्ञापत्र वाचलं, तारखेवर बोट ठेवलं, आणि आम्ही आर्किटेक्टसकट घरी परतलो. एकेचाळीस पाकिटं पुन्हा. म्हणून सांगते, पंधरा दिवसांचा हिशोब धरा आणि सुनावणीचा दिवस मोजूच नका.

अर्जाचे नकाशेही १० दिवस आधीपासून लोकांना पाहण्यासाठी नगर कार्यालयात असायला हवेत.

पायरी ८: सुनावणी

साक्षीदारांना शपथ देतात. वकील ओळख करून देतात, आर्किटेक्ट चित्रं मांडतात, प्लॅनर कायद्याच्या कसोट्या बोलतात, चर्चतर्फे एकजण इमारतीच्या वापराबद्दल सांगतो. तो एकजण पाळकच असायला हवा असं नाही. आमच्याकडे इमारतीच्या किल्ल्या सांभाळणारे गृहस्थ बोलले, कारण बर्फ वितळवायला मीठ कधी टाकतात, पाणी कुठे साचतं, कोण कुठल्या दाराने येतं हे त्यांना ठाऊक होतं. बोलणं थोडक्यात ठेवा, प्रवचन नको.

मंडळीतली वीस-पंचवीस माणसं येऊन शांत बसली तर हरकत नाही. पण तोच मुद्दा वीसजणांनी बोलू नका.

त्या रात्री सभासद किती आलेत ते मोजा. ‘डी’ व्हेरिअन्स असेल आणि पाचच हजर असतील, तर पाचही होकार लागतील. अशा वेळी वकील सुनावणी पुढच्या तारखेवर नेण्याची विनंती करू शकतात. पुढची तारीख तिथेच जाहीर केली तर सहसा पुन्हा नोटीस लागत नाही.

अटी येतील. आमच्यावर तीन आल्या: बाजू कधीही बंद करायच्या नाहीत, दिवे खाली वळलेले, आणि पन्हळींचं पाणी शोषखड्ड्यात. कोणत्या अटी मान्य करायच्या हे समितीने आधीच ठरवून ठेवावं, कारण ‘विचारून सांगतो’ म्हटलं की महिना जातो.

पायरी ९: होकारानंतर

तोंडी होकारावर खांब रोवू नका. बोर्ड लेखी ठराव करतं, त्याला ४५ दिवसांपर्यंत वेळ असतो. निकालाची जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून आणखी ४५ दिवस कोणालाही कोर्टात आव्हान देता येतं. त्या काळात बांधकाम केलंत तर जोखीम तुमची. ती जाहिरात लवकर देणं तुमच्याच हिताचं, कारण घड्याळ तिथून सुरू होतं.

मग झोनिंग परवाना, मग बांधकाम परवाना. बांधकामाच्या नकाशांवर २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायचं असतं. नकाशे बोर्डाला दाखवले तेच असायला हवेत. खांब सहा इंच जरी पुढे सरकला तरी तो मंजूर आकडा मोडतो. म्हणून पायाचं काँक्रीट ओतण्याआधी सर्व्हेअरला परत बोलवा आणि खुंट्या तपासून घ्या. सवलत किती दिवसांत वापरायची याची मुदत ठरावात किंवा नगराच्या नियमांत आहे का, तेही बघा. वर्गणी गोळा होईपर्यंत ती संपू देऊ नका.

ठरावाची एक प्रत चर्चच्या खरेदीखताबरोबर तिजोरीत ठेवा. आमच्या छपराला अजून वर्ष झालं नव्हतं, तेव्हाच एका सभेत कोणीतरी सुचवलं, वारा फार येतो, बाजूंना काचा लावूया. मी तो कागद काढला आणि पहिली अट वाचून दाखवली.